डेम्लोच्या माळेतली नववी संख्या

मुलुंडच्या एका पालकांनी विचारलं आहे. त्यांच्या नववीतल्या मुलीला शिकवणीच्या बाईंनी एक संख्या दिली, १२३४५६७८९८७६५४३२१, आणि सांगितलं, हिचे सापडतील तेवढे गुणधर्म शोधून आण. वडिलांनी ती ऑफिसच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये टाकली तर शेवटी ३०० दिसू लागलं. म्हणजे ही शंभराने भागते का? भागत नसेल तर मूळ संख्या आहे का? नसल्यास एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव हाताने काढता येतात का? आणि ‘हिचा डोंबिवलीशी संबंध आहे’ असं बाई म्हणाल्या, ते काय प्रकरण आहे?

एक्सेलचं आधी मिटवून टाकू. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच जपतं आणि पुढच्या जागी शून्यं भरतं. तुमची संख्या सतरा अंकी, म्हणून शेवटचे २१ गेले आणि ०० आले. मुळात अडचण संगणकाच्या आतल्या साठवणुकीत आहे. अशा प्रोग्रॅममध्ये संख्या ज्या साच्यात ठेवतात त्यात ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे (म्हणजे २ च्या ५३व्या घातापर्यंतचे) सगळे पूर्णांक बिनचूक बसतात. तिथून पुढे, २ च्या ५४व्या घातापर्यंत, फक्त सम संख्या बसतात. तुमची संख्या नेमकी या दोन टोकांच्या मधली आणि वर विषम, त्यामुळे तिला त्या साच्यात जागाच नाही. सेलला ‘टेक्स्ट’ केलंत तर अंक शाबूत दिसतील, पण गणित करता येणार नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पूर्णांकांना ही मर्यादा नाही, तिथे खुशाल पडताळा करा. मात्र खाली जे सांगतो आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना कागद-पेन्सिल पुरते.

वाचायची कशी? १,२३,४५,६७,८९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१. भास्कराचार्यांनी लीलावतीत एक, दश, शत यापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्या यादीत सतरावं स्थान ‘मध्य’. आपली संख्या तिथपर्यंत पोचते, परार्धाला एक पायरी कमी पडते.

आता खरं काम. मोठी संख्या समोर आली की बहुतेक मुलं लगेच २, ३, ५, ७ ने भागायला लागतात. माझ्याकडे येणाऱ्या ऑलिम्पियाडच्या मुलांनाही ही सवय मोडायला वेळ लागतो. एवढ्या मोठ्या संख्येला भागत सुटण्यात अर्थ नसतो. ती कशातून जन्मली हे आधी शोधायचं. इथे अंक चढत जातात, नऊला पोचतात आणि तसेच उतरतात. इतकी शिस्त असेल तर तिच्यामागे काहीतरी रचना असणार, आणि ती रचना हाती लागली की अवयव आपोआप सुटत जातात.

शेवटचे दोन अंक २१, शेवटच्या तीन अंकांना ८ ने भागलं तर बाकी १, अंकांची बेरीज ८१. या तिन्ही गोष्टी वर्गसंख्येला चालणाऱ्या आहेत. एवढ्यावरून ती वर्ग आहे असं सिद्ध होत नाही, पण वर्गमूळ काढून पाहावं इतका संशय नक्की येतो. वर्गमुळाची जुनी भागाकार पद्धत घ्या, ती आता शाळेत फारशी कोणी रमून शिकवत नाही. उजवीकडून जोड्या पाडा: १, २३, ४५, ६७, ८९, ८७, ६५, ४३, २१. पहिल्या १ चं मूळ १. मग २३ उतरवा, २१ वजा, उरले २. मग २४५ मधून २२१ गेले, उरले २४. मग २४६७ मधून २२२१, उरले २४६. पुढे २४६८९ मधून २२२२१, उरले २४६८. मग २४६८८७ मधून २२२२२१, उरले २४६६६. प्रत्येक पायरीला वर १ च बसतो. पुढच्या दोन पायऱ्यांना २४४४४४ आणि २२२२२२२ उरतात, आणि शेवटी २२२२२२२२१ मधून २२२२२२२२१ गेले की शून्य. वर्गमूळ १११११११११, नऊ वेळा १. मुलीला हा भागाकार स्वतः करू द्या. उत्तर आधीच माहीत असलं तरी मजा कमी होत नाही.

उलट दिशेनेही बघा. १११११११११ ला १११११११११ ने उभं गुणायचं, म्हणजे तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून, लिहायची. एकक स्थानाखाली एकच १ येतो, दशकाखाली दोन, असं करत मधल्या स्तंभाखाली नऊ आणि मग पुन्हा कमी कमी. कुठल्याही स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा कुठेच येत नाही आणि स्तंभांची बेरीज हीच संख्येचे अंक होऊन बसते. दहा वेळा १ घेतले तर मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा निघतो आणि मांडणी मोडते: ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. त्यामुळे १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी सुरू होणारी ही देखणी माळ नवव्या मण्यापाशी संपते, आणि तुमच्या मुलीला तो शेवटचा मणी मिळाला आहे.

डोंबिवली इथे येते. या माळेतल्या संख्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी ‘डेम्लो संख्या’ असं नाव दिलं. डेम्लो हे जी.आय.पी. (म्हणजे आताच्या मध्य) रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आजचं डोंबिवली. या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन, पदवी मुंबई विद्यापीठाची. पदव्युत्तर शिक्षण नाही. नोकरीची सगळी वर्षं ते देवळालीला शाळामास्तर होते आणि १९८६ साली गेले. त्यांचं नाव निघालं की सगळे ६१७४ वर उडी मारतात: चार अंकी संख्येचे अंक (सगळे सारखे नसावेत) उतरते आणि चढते लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी हीच संख्या येते. तो स्थिरांक त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर तो जगभर गेला. ६१७४ गंमतीचा आहे, नाही असं नाही. पण माझं मत विचाराल तर डेम्लो संख्यांमध्ये शिकण्यासारखं जास्त आहे, कारण त्या तुम्हाला अंकांच्या खेळातून थेट बीजगणितात नेऊन सोडतात.

कसं ते अवयव काढताना दिसेल. १११११११११ हे तीन-तीनच्या गटात पाहा: १११, १११, १११. म्हणजे १११ गुणिले १००१००१. नऊ वेळा १ म्हणजे तीन वेळा १११, इतकं साधं. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, हे पाढ्यांत मुरलेल्या कुणालाही माहीत असतं. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तीही ३ ने भागते आणि ३३३६६७ उरतात. तर १११११११११ बरोबर ३ चा वर्ग, गुणिले ३७, गुणिले ३३३६६७. आपल्या संख्येत प्रत्येक घात दुप्पट: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. अवयव हाताने निघतात का, या प्रश्नाचं उत्तर इथवर तर ‘हो, आणि दोन मिनिटांत’ असं आहे.

अडकायला होतं ते ३३३६६७ पाशी. ही मूळ संख्या आहे का? सरळ मार्गाने तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. अशा १०६ आहेत. रविवारची दुपार जाईल. पण ती कुठून आली हे आपल्याला ठाऊक आहे, तर ते ज्ञान वापरू.

समजा ‘प’ ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १११११११११ ला भागते, म्हणून ९९९९९९९९९ लाही भागते. म्हणजेच १० च्या नवव्या घाताला ‘प’ ने भागलं तर बाकी १. आता १०, १००, १००० असं चढत जाताना बाकी १ पहिल्यांदा कुठे आली असेल? ज्या घाताला ती पहिल्यांदा येते, त्याच्या पटीतल्या घातांनाच पुन्हा येते, म्हणून तो पहिला घात ९ चा विभाजक हवा: १, ३ किंवा ९. तो १ असेल तर ‘प’ ९ ला भागते, म्हणजे ‘प’ ३ आहे. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणजे ३ बाद. तो ३ असेल तर ‘प’ ९९९ ला भागते, आणि ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७, म्हणून नवा उमेदवार फक्त ३७. पण ३७ गुणिले ९०१८ बरोबर ३३३६६६, एकाने हुकलं. तर तो पहिला घात ९ च. इथे फर्माचं छोटं प्रमेय मदतीला येतं: २ आणि ५ सोडून कुठल्याही मूळ संख्येसाठी १० च्या (प − १)व्या घाताची बाकी १ असते. म्हणून प − १ ला ९ ने भाग जातो. ‘प’ विषम आहे, म्हणून प − १ ला १८ ने भाग जातो.

या एका ओळीने चाळणी केवढी झाली बघा. १८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या, ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांतून ३७ बाजूला काढली की उरतात १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. सोळा भागाकार. १९ ने भागलं तर बाकी ८, १६३ ने ६, ५७७ ने १६१. उरलेले तेरा मुलीसाठी ठेवतो. एकालाही शून्य बाकी येत नाही. ३३३६६७ मूळ संख्या आहे, आणि हे आता कुणाच्या सांगण्यावरून मानायची गरज उरली नाही. वहीत काय लिहायचं असेल तर माझ्या मते हा परिच्छेद सगळ्यात आधी लिहावा.

अवयव मिळाले की बाकीचे गुणधर्म झरझर येतात. विभाजकांची संख्या: ३ चे घात ० ते ४ म्हणजे पाच पर्याय, ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन, एकूण ४५. वर्गसंख्येचे विभाजक नेहमी विषम संख्येत असतात, त्याला हे धरून आहे. स्वतःला वगळून उरलेल्या ४४ विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८, म्हणजे संख्येच्या निम्म्याहून जरा जास्त. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येइतकीच येते, तिच्यापासून आपण बरेच दूर आहोत.

अंकांची बेरीज ८१ आणि संख्या ८१ ने भागतेही. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागते तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं, तर ही हर्षदही आहे. डेम्लोच्या नऊ संख्यांत पहिली, तिसरी आणि नववी अशा तीनच हर्षद आहेत. भागाकार केलात तर १५२४१५७८९९७१०४१ येतात, आणि हा १२३४५६७९ चा वर्ग. ही आठ गाळलेली संख्या तुम्ही लहानपणी कॅल्क्युलेटरवर ६३ ने गुणली असेल, सगळे ७ येतात म्हणून. आणि उलट आपल्या संख्येला ८१ ने गुणलं की ९९९९९९९९८००००००००१ मिळतात, म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन भाग करून बेरीज घेतली की परत ९९९९९९९९९. वर्गाचे दोन तुकडे मिळवले की स्वतःच परत येणाऱ्या संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. मास्तरांच्या तीन शोधांचा एकाच ठिकाणी मुक्काम.

पण मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो गुणधर्म वेगळा आहे, आणि तो बाईंच्या उत्तरांच्या यादीत असेलच असं नाही. पायथागोरसचं त्रिकूट मुलीने आठवीत-नववीत पाहिलं असेल. १११११११११ कर्ण असलेला, पूर्णांक बाजूंचा काटकोन त्रिकोण आहे का? कर्णाचे मूळ अवयव बघायचे आणि प्रत्येकाला ४ ने भागायचं. बाकी १ येणारे अवयव त्रिकोण देतात, बाकी ३ येणारे देत नाहीत. ३ ची बाकी ३, ३३३६६७ चीही ३, फक्त ३७ ची १. म्हणून त्रिकोण आहे, आणि एकच आहे. ३७ चं त्रिकूट १२, ३५, ३७; बौधायनांच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या मापांसाठी आयताच्या ज्या बाजू दिल्या आहेत त्यांत १२ आणि ३५ ची ही जोडी आहे. १११११११११ म्हणजे ३७ गुणिले ३००३००३. तर तिन्ही बाजूंना ३००३००३ ने गुणा:

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १२३४५६७८९८७६५४३२१.

याहून वेगळ्या दोन धन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या लिहिताच येत नाही.

आता यातलं संख्येचं स्वतःचं काय आणि आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून दिसतं ते काय, हे वेगळं करायला हवं. यावर मुलं हमखास घसरतात. मूळ अवयव, ४५ विभाजक, दोन वर्गांची बेरीज हे संख्येचे गुण. ती कुठल्याही पद्धतीत लिहा, बदलणार नाहीत. उलटसुलट सारखी वाचता येणं, अंकांची बेरीज ८१ असणं, हर्षद असणं हे दशमान लेखनाचे गुण. याच संख्येला दोनच्या पद्धतीत लिहिलं तर चढउतार औषधालाही सापडणार नाही.

मात्र या दोहोंच्या मध्ये तिसरं काहीतरी आहे आणि डेम्लोचं खरं सौंदर्य तिथे आहे. १० च्या जागी क्ष ठेवा. १ + क्ष + क्ष² असं क्ष च्या आठव्या घातापर्यंत नऊ पदं घ्या आणि या बहुपदीचा वर्ग करा. सहगुणक येतात १, २, ३ ते ९ आणि परत १. हे क्ष काहीही असलं तरी खरं. क्ष = १० ठेवलं की आपली संख्या. क्ष = १ ठेवलं की सहगुणकांची बेरीज, म्हणजे नऊ एकांचा वर्ग, ८१; अंकांची बेरीज पूर्ण वर्ग का आली ते इथे कळतं. क्ष = १०० ठेवलं की १०१०१०१०१०१०१०१०१ चा वर्ग १०२०३०४०५०६०७०८०९०८०७०६०५०४०३०२०१. आणि वर आपण १११ गुणिले १००१००१ केलं तोही या बहुपदीचाच अवयव होता: (१ + क्ष + क्ष²) गुणिले (१ + क्ष³ + क्ष⁶).

बाराच्या पद्धतीत, म्हणजे डझन आणि ग्रोसने मोजणाऱ्याच्या हिशेबात, ‘१२३४५६७८९८७६५४३२१’ असं लिहिलं तर ती वेगळीच, खूप मोठी संख्या असते. तरी तीही वर्ग आहे, तिच्याही अंकांची बेरीज ८१, आणि तिच्या वर्गमुळाचे अवयवही ‘१११’ आणि ‘१००१००१’ असेच लिहिले जातात. पण तिथला ‘१११’ म्हणजे १४४ + १२ + १ = १५७, आणि ती मूळ संख्या आहे. ती मोठी संख्या ३ ने भागतसुद्धा नाही, ८१ ने भागणं दूरच. बेरीज तीच राहिली आणि भाग जाणं गेलं. दशमानात ३ आणि ९ च्या कसोट्या चालतात त्या १० ला ९ ने भागल्यावर १ उरतो म्हणून. बाराला ३ ने भागलं तर काहीच उरत नाही. कसोटीमागचं कारण मुलीला हे उदाहरण दाखवून सांगा, नुसती कसोटी पाठ असून चालत नाही.

मुलीने हे सगळं स्वतः केलं की पुढचा मणी म्हणून माळेतली सातवी संख्या द्या, १२३४५६७६५४३२१. वर्गमूळ सात वेळा १, म्हणजे १११११११. सात ही मूळ संख्या असल्यामुळे इथे तीन-तीनचे गट पाडण्याची सोय नाही, बहुपदी फुटत नाही, आणि मुलांना वाटतं की आता काही खरं नाही. पण वरचीच चाळणी लावली की संभाव्य मूळ अवयव १४ च्या पटीत १ मिळवून येणारे: २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९. आठव्या भागाकाराला २३९ ने निःशेष भाग जातो आणि ४६४९ उरतात. ४६४९ मूळ आहे का ते त्याच चाळणीने बघायचं. २९ आणि ४३ एवढे दोनच भागाकार लागतात. मग ४६४९ ला दोन वर्गांच्या बेरजेत मांडायचं, ६८ आणि ५ चे वर्ग, आणि त्यावरून १११११११ कर्णाचा त्रिकोण काढायचा. बाजू १६२५२० आणि १०९९१६१ आल्या पाहिजेत.